सूचक म्हणून माझी सही

राज्यघटना काळानुसार बदलायला हवी का, हा विषय कोणी वादस्पर्धेला ठेवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विषय चांगलाच आहे. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, मला त्या विषयाचं वावडं असण्याचं कारण नाही. राग येतो तो त्यावर बोलणाऱ्यांचा. बदला म्हणणाऱ्यांनी ती वाचलेली नसते आणि हात लावू नका म्हणणाऱ्यांनी तर मुळीच वाचलेली नसते. दोघंही मुठी आवळून बोलतात, टाळ्या घेतात आणि खाली उतरून बटाटेवड्यावर तुटून पडतात.

यात मी स्वतःला वेगळं धरत होते, हे आधीच सांगून टाकते.

सुरतेत आमचं एक मराठी मंडळ आहे. पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की कापड मार्केटांच्या पाठीमागे त्याची दुमजली इमारत लागते. ज्यांनी ते काढलं ती माणसं आता हयात नाहीत. कचेरीतले कारकून, दोन-तीन मास्तर आणि लूमच्या खात्यात मुकादमी करणारे काही जण. खातं म्हणजे इकडे कारखान्याची शेड. त्यांनी मिळून एक नियमावली लिहिली. ती नियमावली मी अथपासून इतिपर्यंत वाचलेली आहे, आणि हे मंडळात फार थोड्यांना म्हणता येईल. तिच्यातले दोन नियम इथे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चौथा नियम असा, की प्रत्येक कुटुंबाचा एकच सभासद आणि तो कुटुंबातला कर्ता पुरुष. त्याच्या पश्चात थोरला मुलगा. आणि अकरावा नियम असा, की मंडळाचं सभागृह सुरतेतल्या कोणाही मराठी माणसाला, तो सभासद असो वा नसो, चांगल्या कामासाठी खुलं राहील. एकाच बैठकीत एकाच शाईने लिहिलेले हे दोन नियम. पहिला वाचून हात शिवशिवतात आणि दुसरा वाचून त्याच माणसांना हात जोडावेसे वाटतात.

माझे यजमान या मंडळाचे सव्वीस वर्षं सभासद होते. ते गेले आणि चौथ्या नियमाने आपलं काम केलं. सभासद झाला माझा मुलगा, जो कामरेजच्या पुढे एका बंगल्यात राहतो, बायकोशी आणि मुलांशी गुजरातीत बोलतो आणि ज्याने मंडळाचा जिना कॉलेजात असताना शेवटचा चढला असेल. मी त्याला म्हटलं, निदान वार्षिक सभेला तरी ये. तो म्हणाला, "मम्मी, माझ्याकडे टाइमच नथी. तू जा ना माझ्या जागेवर." जणू बसमधली जागा. मी गेले. बोलायला उभी राहिले तर चिटणीस म्हणाले, "वहिनी, बसा, बसा. सभेत फक्त सभासदांना बोलता येतं. नियम आहे."

चिटणीस म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. यजमानांचे मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, निम्म्या मंडळाची मुलं माझ्या हाताखालून गेली, पण त्या इमारतीत शिरलं की मी वहिनी. चहाला वहिनी, हळदीकुंकवाला वहिनी, आणि तोंड उघडलं की, वहिनी, बसा. मला तो शब्द तेव्हापासून नकोसा झालेला आहे.

मला बोलायचं होतं ते माझ्या वर्गाबद्दल. अकराव्या नियमाच्या आधाराने दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी सभागृहात बायकांचा वर्ग घेत असे. भेस्तानहून शेअर रिक्षाने दहा-बारा जणी यायच्या. बहुतेक खानदेशातल्या, दोघी विदर्भातल्या. नवरे लूमवर, काही बांधकामावर. या घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणार. त्यांना मराठी वाचायला शिकायचं होतं. कुणाचं कधी शाळेत नावच घातलं नव्हतं, कुणाची शाळा दुसरीत सुटली होती, आणि इथे आल्यावर दुकानाची पाटी गुजरातीत, बसची हिंदीत, मग अक्षरांशी गाठ पडणार कुठे?

मंडळींना हा वर्ग खुपत होता. समोर कोणी बोलत नव्हतं, पण मला ऐकू येत होतंच. जिन्यात चपलांचा ढीग पडतो. सतरंजीत टिकल्या अडकतात, झाडल्या तरी निघत नाहीत. एकीच्या कडेवर मूल असतं. सभागृहात आता एसी बसवायचा, नवीन पडदे लावायचे, मग हे शोभतं का? आधी नुसती चौकशी, हा वर्ग किती दिवस चालणार म्हणून. मग एका रविवारी किल्ली सापडेना. पुढच्या रविवारी सभागृह "दुरुस्तीला" होतं आणि आत कोणीतरी टेबल टेनिस खेळत होतं. मी ओळखलं, की मला मत नसेल तर हा वर्ग वर्षभरात बंद पाडतील. मत हवं तर चौथा नियम बदलायला हवा, आणि तसं मी मंडळींना म्हणूनही पाहिलं. मला सभासदत्वाची हौस नव्हती. मला तो वर्ग वाचवायचा होता.

वर्गातल्या एका बाईबद्दल सांगायला हवं. धुळ्याकडची, चाळिशीची. डाव्या अंगठ्याला डिंक लागून लागून कातडी कडक झालेली. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं होतं, वाचायला का शिकायचंय? कुणी देवाची पोथी म्हणाली, कुणी मोबाइल. ही म्हणाली, "बाई, मी कागदवर अंगठा देस, पन त्यामा काय लिखेल शे ते समजत नही. अंगठा देवाना आधी समजाले पाहिजे."

मी ते वाक्य मनात जपून ठेवलं. किती शहाणी बाई, असं मी त्या संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सांगितलंही.

सभागृहाच्या भिंतीवर राज्यघटनेची उद्देशिका चौकटीत लावलेली आहे. अक्षर मोठं आणि ठळक, म्हणून मी फळ्याऐवजी तिच्यावरूनच वाचन घ्यायची. शब्द अवघड, पण मला त्यांना पोरकट पुस्तकं वाचायला द्यायची नव्हती. मोठ्या बायकांना बदकाची गोष्ट कशाला? ही बाई चौकटीखाली उभी राहायची आणि काचेवर बोट टेकवून एकेक अक्षर सोडवायची. पहिला शब्द आम्ही. तो तिला आला तेव्हा मागे वळून ती बाकीच्यांकडे बघून हसली. म्हणाली, हाऊ ते आपलाच शब्द शे.

डिसेंबरात चिटणिसांचा निरोप आला, की प्रजासत्ताकदिनाच्या वादस्पर्धेला तुम्हीच परीक्षक. विषय तोच. मी रविवारी तो वर्गात सांगितला. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, देशाचे नियम बदलावेत का? मग ही म्हणाली, "बदलाले काय हरकत शे, बाई? पन आमले इचारीसन बदला."

मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. इतकी वर्षं पाठ्यपुस्तकातली तीन पानं मी ज्यासाठी शिकवत होते ते हिने एका ओळीत सांगितलं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि स्पर्धा सुरू झाली. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, सत्तर वर्षांपूर्वीचा मोबाइल तुम्ही आज वापराल का? सत्तर वर्षांपूर्वी मोबाइल कुठे होता, हे त्याला कोणी विचारलं नाही, टाळ्या मात्र पडल्या. दुसरी मुलगी म्हणाली, राज्यघटना ही देव्हाऱ्यातली मूर्ती आहे, तिला फक्त नमस्कार करावा. तिची आई पहिल्या रांगेत बसून ओठांनी तेच भाषण म्हणत होती, म्हणजे लिहिलं कोणी ते कळलं. मग मंडळातर्फे चिटणीस बोलले. काळ बदलला, जग कुठल्या कुठे गेलं, आपण किती दिवस जुन्या पुस्तकाला कवटाळून बसणार? कोणीतरी धाडस करून नव्याने लिहायला हवं. समोरची सगळी डोकी हलली. ही तीच डोकी, जी सहा महिन्यांपूर्वी चौथ्या नियमाला हात लावायचा म्हटल्यावर, संस्थापकांनी विचार करूनच लिहिलं असेल ना, असं म्हणाली होती. देशाचं पुस्तक बदलायला हे तयार, आणि स्वतःच्या चार पानी नियमावलीतला एक शब्द पुसायचा तर यांचे हात थरथरतात. मी खुर्चीत बसून आतल्या आत नुसती चडफडत होते.

परीक्षकाचं मनोगत म्हणून मला माइक दिला. मी काही राखून ठेवलं नाही.

मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी पुस्तक उघडलेलं नाही. घटना कशी बदलायची ते घटनेतच लिहिलेलं आहे. ती शंभरावर वेळा बदलली आहे. एकविसाव्या वर्षी मिळणारं मत अठराव्या वर्षी मिळायला लागलं तेही अशाच एका बदलाने, आणि इथे बसलेल्या अर्ध्या पोरांना त्यामुळेच मत आहे. पण आणीबाणीत विरोधक तुरुंगात असताना केलेला बदलही बदलच होता, आणि त्यातलं बरंच नंतर मागे घ्यावं लागलं. तेव्हा बदलावं की न बदलावं हा प्रश्नच अर्धा आहे. बदलताना कोणाला विचारलं? बदलल्यावर आत कोण आलं आणि बाहेर कोण गेलं? एवढं बघायचं. हे मला कोणा पंडिताने शिकवलेलं नाही, माझ्या रविवारच्या वर्गातल्या एका बाईने शिकवलं. आणि ज्या मंडळाला आपल्या चौथ्या नियमातला पुरुष हा शब्द बदलवत नाही, त्याने देशाची घटना नव्याने लिहायच्या बाता मारू नयेत.

मागे बसलेल्या सभासदांच्या बायकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढचे पुरुष घड्याळं बघू लागले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटणं चांगलं नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

चहाच्या वेळी चिटणीस स्वतः कप घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, आज तुम्ही आमची चांगलीच हजेरी घेतलीत. पण पटलं. करू या बदल. सगळी नियमावलीच एकदा आजच्या काळाप्रमाणे करून घेऊ. आणि सूचक तुम्हीच व्हा."

"मी सभासद नाही. सूचक कशी होणार?"

"खास बाब म्हणून. कमिटी परवानगी देईल. तुमचाच मुद्दा, मान तुम्हालाच मिळाला पाहिजे."

मान म्हटल्यावर माझ्यातली मुख्याध्यापिका विरघळली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या समारंभात हारतुरे वाटलेली बाई मी.

फेब्रुवारीत विशेष सभा ठेवली. आदल्या आठवड्यात ग्रुपवर दुरुस्तीची प्रत आली. मी मोबाइलवर उघडली. पहिल्याच पानावर चौथा नियम होता. पुरुष हा शब्द गेला होता, त्याच्या जागी पती किंवा पत्नी आलं होतं. मी तो तीनदा वाचला. मग ते पान जसंच्या तसं मुलाला पाठवलं आणि खाली लिहिलं, आता तुझी जागा रिकामी कर. त्याने एक अंगठा पाठवला. पुढची पानं मी उघडली नाहीत. पुढे पानं आहेत याची मला जाणीव होती, हे कबूल करायला हवं. तळाशी बारीक अक्षरात 'पान १/३' लिहिलेलं मी पाहिलं होतं.

आमच्या सभांची एक पद्धत आहे आणि ती तुम्हाला कुठल्याही मराठी मंडळात सापडेल. चिटणीस वाचतो, आणि वाक्य संपायच्या आत मंडळी एका सुरात म्हणतात, मंजूर! मागचं इतिवृत्त, मंजूर. श्रद्धांजलीचा ठराव, दोन मिनिटं उभं राहून, मंजूर. काय मंजूर झालं हे निम्म्यांना घरी जाऊनही माहीत नसतं. मी या पद्धतीची वर्षानुवर्षं टर उडवत आले आहे. शाळेत मुलांना सांगायची, की सभेत हात वर करण्याआधी ठराव शब्दन् शब्द वाचावा. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे मी निर्दयपणे गुण कापायची.

त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते, मोतिया रंगाची साडी नेसून. चिटणिसांनी चौथा नियम मोठ्याने वाचला. टाळ्या झाल्या. मंजूर! मग ते हसून म्हणाले, "आणि आपल्या नियमावलीप्रमाणे, एकदा केलेली दुरुस्ती पाच वर्षं फिरवता येत नाही. तेव्हा वहिनी, आता तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही!" सगळे हसले. मीसुद्धा. मग त्यांनी पान उलटलं. "बाकीचे आनुषंगिक बदल प्रतीत आहेतच. प्रत सगळ्यांना गेलेली आहे, ती वाचली असं धरतो."

मंजूर! मंजूर!

दुसरा मंजूर माझा होता. मला माझा आवाज आठवतो, इतरांपेक्षा जरा वरचा, वर्गात हजेरी घेताना लागायचा तसा. मग कागद माझ्यासमोर आले. चिटणिसांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. चष्मा पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. बोट होतं तिथे सही केली, ठसठशीत, आणि फोटोसाठी वर पाहिलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर निघाले. वर्गासाठी पेढे घेतले होते. ठरवलं होतं की आज त्यांना सगळं सांगायचं, कसं भांडले, कसं मिळवलं, आता आपल्याला इथून कोणी उठवणार नाही.

बायका जिन्याखालीच उभ्या होत्या. त्यांना घेऊन वर गेले, तर सभागृहाच्या दाराला कुलूप होतं आणि दारावर एक कागद चिकटवलेला. मला वाटलं पुन्हा दुरुस्तीची सूचना असेल. गेल्या वेळची किल्ली आठवून माझा आवाज चढलाच होता, पण धुळ्याकडची बाई म्हणाली, "थांबा बाई, मी वाचस." तिने चौकटीच्या काचेवर ठेवायची तसंच बोट कागदावर ठेवलं. बाकीच्या तिच्यामागे गोळा झाल्या. मला तिला थांबवावंसं वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं, की न सांगता वाचायला घेतलं.

ती सावकाश वाचत गेली. सुधारित नियम अकरा. सभागृहाचा वापर. मंडळाचे सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुरताच. आनुषंगिक या शब्दाशी ती अडली. मी सवयीने फोड करून दिली, आ-नु-षं-गिक. ती पुढे गेली. कुटुंबीय म्हणजे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, घरचे. माझ्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा मला अर्थ लागला. तोपर्यंत मी फक्त तिचे उच्चार ऐकत होते.

या बायकांना कोणीच विचारलं नव्हतं. चिटणिसांनी विचारलं नाही हे ठीक, ते विचारणारे नव्हतेच. मी दर रविवारी यांच्यासमोर उभी राहत होते. यांचं वाक्य मी माइकवर म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. दुरुस्ती येणार आहे, मी सूचक आहे, एवढंही मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मला पेढ्यांसकट सांगायचं होतं.

तिचं बोट कागदाच्या तळाशी पोचलं. सू-च-क. आणि पुढे नाव, छापलेलं, शेजारी सही. नाव तिने दोनदा जुळवलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

"बाई, हाई तुमनं नाव शे ना?"

मी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"बरोबर वाचं ना मी?"

आजवर तिने शेवटपर्यंत, एकटीने वाचलेला तो पहिला कागद होता. मी तिची शिक्षिका होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले.